विरल मृत्तिका धातू : वाळूपासून चुंबकापर्यंत

केरळ, तामिळनाडू, आंध्र प्रदेश व ओडिशा या राज्यांच्या किनाऱ्यांवरील वाळूत मोनॅझाइट हे खनिज आढळते. लँथॅनम, सिरियम, निओडिमियम इत्यादी विरल मृत्तिका मूलद्रव्ये भारतात मुख्यत्वे याच खनिजापासून मिळतात. १९५० साली स्थापन झालेल्या इंडियन रेअर अर्थ्‌स या कंपनीने १९५२ मध्ये केरळातील आलुवा येथे मोनॅझाइटवरील प्रक्रियेस प्रारंभ केला. तथापि, खनिज हाती असणे आणि धातू हाती असणे या दोन भिन्न गोष्टी होत. ऑक्साइडापासून धातू मोकळा करणे, हा या दोहोंमधील बिकट टप्पा आहे.

लोखंडाप्रमाणे कोळशाबरोबर तापवून हे धातू शुद्ध रूपात मिळत नाहीत. कारण ऑक्सिजनशी त्यांचे बंधन अत्यंत घट्ट असते. तांब्याचा मुलामा पाण्यातील द्रावणातून विजेच्या साहाय्याने चढविता येतो. परंतु येथे तो उपायही चालत नाही. धातू सुटा होण्याआधी पाण्याचेच विघटन होऊन ऋणाग्रावर हायड्रोजन निघू लागतो. म्हणून पाण्याचा अंशही नसलेले माध्यम, म्हणजेच वितळलेले क्षार, वापरावे लागतात. १८७५ मध्ये हिलब्रँड व नॉर्टन यांनी वितळलेल्या क्लोराइडांच्या विद्युत् विच्छेदनाने सिरियम व लँथॅनम हे धातू मिळविले.

आज निओडिमियमच्या उत्पादनात लिथियम फ्लुओराइड व निओडिमियम फ्लुओराइड यांचे मिश्रण सुमारे १,०५० अंश सेल्सिअसला वितळवून त्यात निओडिमियम ऑक्साइड विरघळवितात. धनाग्र ग्रॅफाइटचे, तर ऋणाग्र टंगस्टन अथवा मॉलिब्डेनमचे असते. वीजप्रवाह सुरू होताच ऑक्सिजन ग्रॅफाइटशी संयोग पावून कार्बनच्या ऑक्साइडांच्या रूपाने निघून जातो. निओडिमियमचा वितळबिंदू सुमारे १,०२० अंश असल्याने ऋणाग्रावर तो द्रवरूपातच साचतो व खालच्या पात्रात ठिबकतो. एक किलोग्रॅम धातूसाठी सिद्धांतानुसार सुमारे ५५७ अँपिअर-तास वीजभार लागतो. प्रत्यक्षात तो याहून अधिक असतो.

ऑक्साइडाचा पुरवठा मात्र काटेकोर ठेवावा लागतो. तो जास्त झाल्यास न विरघळलेला भाग तळाशी बसतो. कमी पडल्यास फ्लुओराइडांचेच विघटन होऊन कार्बन टेट्राफ्लुओराइड हा वायू निघतो. वातावरण तापविण्याची त्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या हजारो पट आहे.

डिस्प्रोसियमचा वितळबिंदू १,४०० अंशांहून अधिक आहे. तो द्रवरूपात मिळविण्याइतके तापमान क्षारपात्रात राखणे कठीण असते. अशा वेळी ऋणाग्रच लोखंडाचे ठेवतात. सुटा होणारा धातू लोखंडाशी मिसळून कमी तापमानास वितळणारी मिश्रधातू तयार होते. चुंबकात लोखंड लागतेच. त्यामुळे ही मिश्रधातू थेट उपयोगी पडते. निओडिमियम, लोखंड व बोरॉन यांच्या चुंबकात थोडे डिस्प्रोसियम मिसळल्यास तो उष्णतेतही आपली शक्ती टिकवितो. विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या मोटारींत हा गुण महत्त्वाचा ठरतो.

एप्रिल २०२५ मध्ये चीनने डिस्प्रोसियमसह सात विरल मृत्तिका मूलद्रव्यांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले, तेव्हा वाहन उद्योगास त्याची झळ पोहोचली. वाळूचे साठे असलेल्या देशासही धातू व चुंबक बाहेरून आणावे लागत असतील, तर तो देश परावलंबीच राहतो. या दृष्टीने भाभा अणुसंशोधन केंद्राच्या विशाखापट्टणम येथील आवारात उभारलेला आणि मे २०२३ मध्ये राष्ट्रास समर्पित झालेला विरल मृत्तिका चुंबकांचा कारखाना हे एक महत्त्वाचे पाऊल आहे. खनिजाच्या साठ्याइतकेच कोरडे क्षार, अखंड वीज व कुशल तंत्रज्ञ यांवर पुढील वाटचाल अवलंबून आहे.