रग्बीतील बाद फेरीचा सामना : गुणपद्धती आणि डावपेच

प्रस्तावना
नवी मुंबईतील नेरूळ येथील डॉ. डी. वाय. पाटील स्टेडियमवर ३० ऑक्टोबर २०२५ रोजी महिला विश्वचषक क्रिकेट स्पर्धेचा उपांत्य सामना झाला. ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांना उत्तर देताना भारताने ५ गडी गमावून ३४१ धावा केल्या, तेव्हा ९ चेंडू शिल्लक होते. साखळी सामन्यात हे चेंडू निव्वळ धावगतीच्या दृष्टीने मोलाचे ठरले असते. उपांत्य सामन्यात त्यांचे मोल शून्य होते. विजय किती फरकाने मिळाला, हा प्रश्नच बाद फेरीत उरत नाही. रग्बीमध्ये हाच बदल संघाच्या प्रत्येक निर्णयावर परिणाम करतो. जून २०२५ मध्ये अंधेरी क्रीडासंकुलात सहा संघांची पहिली रग्बी प्रीमियर लीग झाल्यापासून या खेळाविषयी आपल्याकडे कुतूहल वाढले आहे. २०२७ मध्ये ऑस्ट्रेलियात होणाऱ्या पुरुषांच्या विश्वचषकात २४ संघ असतील आणि बाद फेरी प्रथमच १६ संघांपासून सुरू होईल. या पार्श्वभूमीवर बाद सामन्यातील डावपेचांचे स्वरूप स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

गुणपद्धती
चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे जमिनीवर टेकविल्यास ‘ट्राय’चे ५ गुण मिळतात व त्यानंतरच्या यशस्वी किकचे २ गुण मिळतात. पेनल्टी किक व ड्रॉप गोल यांचे प्रत्येकी ३ गुण असतात. विश्वचषकाच्या साखळी फेरीत विजयाचे ४ गुण असून चार ट्राय केल्यास, तसेच ७ वा त्याहून कमी गुणांनी पराभव झाल्यास प्रत्येकी १ बोनस गुण मिळतो. त्यामुळे साखळीत सामना जिंकत असलेला संघही चौथ्या ट्रायसाठी धडपडतो आणि हरणारा संघ पराभवाचे अंतर कमी करू पाहतो. बाद फेरीत ही दोन्ही प्रलोभने नाहीशी होतात.

तीन गुण की सात गुण?
पेनल्टी मिळाल्यावर कर्णधारापुढे मुख्यतः तीन पर्याय असतात : गोलवर किक मारणे, चेंडू मैदानाबाहेर मारून लाइनआउट घेणे किंवा स्क्रम मागणे. समजा, एखादा खेळाडू त्या अंतरावरून चारपैकी तीन किक यशस्वी करतो. म्हणजे सरासरी २.२५ गुण. लाइनआउटमधून पाचपैकी दोन वेळा ट्राय होतो आणि पुढील किकही यशस्वी ठरते असे मानले, तर सरासरी २.८ गुण. सरासरीच्या हिशेबाने लाइनआउट श्रेयस्कर ठरते. परंतु संघ २ गुणांनी मागे असून दोनच मिनिटे उरली असतील, तर किकने विजयाची शक्यता ७५ टक्के आणि लाइनआउटने ४० टक्के इतकीच राहते. तोच संघ ४ गुणांनी मागे असेल, तर किकचा काहीही उपयोग नाही. तात्पर्य, बाद सामन्यात सरासरी गुणांपेक्षा गुणफरक आणि उरलेला वेळ यांवर निर्णय अवलंबून असतो.

२०२३ चे उदाहरण
फ्रान्समध्ये झालेल्या २०२३ च्या विश्वचषकात दक्षिण आफ्रिकेने उपांत्यपूर्व सामना फ्रान्सविरुद्ध २९–२८, उपांत्य सामना इंग्लंडविरुद्ध १६–१५ आणि अंतिम सामना न्यूझीलंडविरुद्ध १२–११ असा जिंकला. तिन्ही विजय एकेका गुणाचे होते. अंतिम सामन्यात या संघाने एकही ट्राय केला नाही. हान्द्रे पोलार्डच्या चार पेनल्टी किक पुरेशा ठरल्या. न्यूझीलंडने एक ट्राय केला, पण त्यानंतरची किक हुकली. शेवटच्या टप्प्यातील एक लांब पल्ल्याची पेनल्टीही हुकली. आफ्रिकेने आठ राखीव खेळाडूंमध्ये सात फॉरवर्ड आणि एकच बॅक ठेवला होता. उत्तरार्धात ताज्या दमाचे फॉरवर्ड उतरविण्याचा हा डाव होता. दोन बॅक जायबंदी झाले असते, तर तोच अंगलट आला असता.

सात खेळाडूंची रग्बी
रग्बी प्रीमियर लीग सात खेळाडूंच्या प्रकारात खेळली गेली. या प्रकारात गुण मिळविणारा संघच पुन्हा किक मारून खेळ सुरू करतो. त्या किकवर चेंडूचा ताबा परत मिळविणारा संघ लागोपाठ ट्राय करू शकतो आणि प्रतिस्पर्ध्याच्या हाती चेंडूच येत नाही. बाद सामना बरोबरीत सुटल्यास जादा वेळेत प्रथम गुण मिळविणारा संघ विजयी ठरतो. त्यामुळे सुरुवातीच्या किकचा सराव येथे विशेष महत्त्वाचा ठरतो.

समारोप
वरील विवेचनाचा आपल्या महाविद्यालयांशी निकटचा संबंध आहे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बहुधा बाद पद्धतीने होतात. कित्येक विद्यार्थ्यांचे वर्षभराचे परिश्रम एकाच सामन्यात पणाला लागतात. निर्णयाची वेळ आली असता मैदानावर उभा असलेला कर्णधार जेमतेम वीस वर्षांचा असतो. म्हणून कोणत्या अंतरापर्यंत किक घ्यावी, अखेरच्या दहा मिनिटांत ती कोणी घ्यावी, राखीव खेळाडू केव्हा उतरवावेत, या प्रश्नांची उत्तरे सामन्यापूर्वीच त्याच्याशी चर्चा करून ठरविणे आवश्यक आहे. तसे केल्यास पराभवाची जबाबदारी त्या एकट्याच्या खांद्यावर पडत नाही. ती संपूर्ण संघाची आणि मार्गदर्शकाचीही ठरते.