घाटांतील बोगदे कोणीं खणले ?

मुंबईहून पुण्यास आगगाडीनें जाण्यांत नवल तें काय, असें वाचक म्हणतील. आम्हीही आजवर तसेंच म्हणत आलों. परंतु गेल्या श्रावणांत नातवास घेऊन हा प्रवास केला आणि त्याच्या एका प्रश्नानें आमची चांगलीच फजिती झाली.

दादरहून निघाल्यापासून दमट उकाड्यानें सदरा अंगास चिकटला होता. कर्जत येथें वडे घेतले. तेथेंच गाडीस मागून जादा इंजिनें जोडण्यांत आलीं. पळसदरी मागें पडली आणि चढ लागला. एका बाजूस काळा कातळ, दुसऱ्या बाजूस खोल दरी. कड्याकड्यांवरून शुभ्र धारा कोसळत होत्या. हवेंत गारवा आला. नातू बोटांवर बोगदे मोजीत होता. मध्येंच त्यानें विचारलें, "आजोबा, हे बोगदे कोणी खणले ?"

"इंग्रजांनी," आम्ही उत्तरलों.

"म्हणजे ते स्वतः कुदळ घेऊन आले होते ?"

तीस वर्षें इतिहास शिकविलेल्या आम्हांस पुढें बोलतां येईना. घरीं परतल्यावर पुस्तकें काढलीं.

बोरघाटाचें काम १८५६ सालीं सुरू झालें व १८६३ सालीं लोहमार्ग खुला झाला. सुमारें २५ किलोमीटरांत ५५८ मीटर उंची गांठावयाची. त्यासाठीं २५ बोगदे खोदावे लागले. उभ्या कड्यावर पाय टेकावयास जागा नसे, तेथें मजुरांना दोरानें खालीं सोडीत आणि ते लोंबकळत सुरुंगाचीं छिद्रें पाडीत. १८५९ सालीं थकलेल्या मजुरीवरून मजुरांनीं दंगा केला. त्याच वर्षीं सॉलोमन ट्रेडवेल हा नवा कंत्राटदार आला व थोड्याच दिवसांत मरण पावला. त्याची पत्नी ॲलिस हिनें कंत्राट न सोडतां जाणत्या माणसांकरवीं काम तडीस नेलें. १८६१ सालीं घाटांत सुमारें ४२,००० मजूर राबत होते. पटकीनें व अपघातांनीं हजारों दगावले. ॲलिसबाईंचें नांव ग्रंथांत सांपडतें. त्या मजुरांपैकीं एकाचेंही नांव आम्हांस सांपडलें नाहीं.

नातवास हें सारें सांगितलें, आणि आपलें पहिलें उत्तर अपुरें होतें, हेंही कबूल केलें. शिक्षकास तेवढें करणें प्राप्तच होतें.

वाचकांस एवढीच विनंति कीं, पुढील खेपेस घाट चढतांना खिडकीची जागा मुलांस द्यावी, बोगदे मोजूं द्यावे, आणि ते खणणाऱ्यांची गोष्टही सांगावी. खंडाळ्याच्या गार वाऱ्याचें मोल आपण केवळ तिकिटांत चुकतें करीत नाहीं. तें पूर्वींच कोणीतरी देऊन गेलें आहे.