बिल एक, चुली तीन : घरात वीज-मापक बसवताना आम्ही काय शिकलो



इंदुरातल्या आपल्या बऱ्याच जुन्या घरांसारखेच आमचे घर आहे. तळमजल्यावर आई, पहिल्या मजल्यावर दादा-वहिनी आणि मुले, दुसऱ्या मजल्यावर आम्ही. चुली तीन, पण विजेचे मीटर वडिलांच्या काळापासून एकच. बिल आले की त्याचे तीन भाग करायचे, ही पद्धत. पद्धत चांगली होती, पण गेल्या उन्हाळ्यात बिल फुगले आणि कुरबूर सुरू झाली. कोणी म्हणे वरचा एसी, कोणी म्हणे मधल्या मजल्यावरचे वॉशिंग मशीन. उघड भांडण झाले नाही, पण जेवताना विषय निघाला की सगळे गप्प बसत.

आईने मात्र कोणाला काही न सांगता रात्रीचा कूलर लावणे बंद केले. आम्हाला ते आठ-दहा दिवसांनी कळले. मे महिना, बाहेर चाळीसच्या वर पारा, आणि वयाची पंचाहत्तरी ओलांडलेली आई नुसत्या पंख्याखाली झोपत होती. विचारले तर म्हणाली, "माझ्यामुळे तुमच्यात बोलणे नको व्हायला." त्या दिवशी आम्ही ठरवले की आता अंदाज पुरे, मोजून बघायचे.

बिल काय सांगते आणि काय सांगत नाही

बिलावरचा एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास. १००० वॅटची इस्त्री सलग एक तास तापत राहिली तर एक युनिट, आणि १०० वॅटचा जुना दिवा दहा तास जळला तरी एकच युनिट. म्हणजे उपकरण किती मोठे आहे याच्या इतकेच ते किती वेळ चालते यालाही महत्त्व आहे. आपण पहिली गोष्ट लक्षात ठेवतो आणि दुसरी विसरतो.

बिल महिन्याची एकूण बेरीज सांगते. ती वीज दिवसा गेली की रात्री, कोणत्या मजल्यावर गेली, हे सांगत नाही. त्यात दर टप्प्याटप्प्याने वाढणारे असतात. एका मीटरवर तीन कुटुंबे असली की वरच्या टप्प्यातले युनिट लवकर येतात आणि वाढ आहे त्याहून मोठी दिसते. आता शहरात बऱ्याच ठिकाणी स्मार्ट मीटर आले आहेत आणि त्यांची माहिती मोबाईलवर दिसते. पण तीही सगळ्या घराची मिळून असते.

आधी बिनखर्चाचा उपाय

काहीही विकत घेण्याआधी आपल्या मीटरकडे नीट बघा. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो. शेजारी एका युनिटला किती लुकलुक हे छापलेले असते, उदाहरणार्थ ३२००. घड्याळ लावून एका मिनिटात दिवा किती वेळा लुकलुकला ते मोजा. त्या संख्येला ६०,००० ने गुणा आणि छापलेल्या आकड्याने भागा. उत्तर म्हणजे त्या क्षणी घरात चाललेले वॅट. ३२०० च्या मीटरवर मिनिटाला १२ लुकलुकी म्हणजे २२५ वॅट.

हे मोजमाप रात्री सगळे झोपल्यावर करावे. फ्रिज, पंखे, राऊटर एवढेच चालू असताना आकडा किती यायला हवा याचा अंदाज आपल्याला असतो. आमच्याकडे तो अंदाजापेक्षा बराच जास्त आला, आणि शिवाय दर थोड्या वेळाने उडी मारत होता. पण रात्रभर मीटरपुढे कोण उभे राहणार? म्हणून मापक घ्यायचे ठरले.

मापकाचे प्रकार

सर्वांत सोपे मापक प्लगचे. ते भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचायचे आणि त्यात फ्रिज किंवा टीव्ही लावायचा. एका उपकरणाचा हिशोब यात उत्तम कळतो. गीझर किंवा एसीसाठी मात्र १६ अँपिअरचे मापक हवे. लहान प्लगवर मोठा भार टाकला तर तो वितळतो.

संपूर्ण घरासाठी चिमट्याचे मापक लागते. डीबी बॉक्समध्ये फेजच्या तारेभोवती एक छोटी कडी बसवतात. तार कापावी लागत नाही. तारेतून वीज वाहताना तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि त्यावरून कडी प्रवाह मोजते. कडी फक्त फेजच्या तारेभोवतीच हवी. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र कडीत घेतल्या तर जाणारा आणि येणारा प्रवाह एकमेकांना छेद देतात आणि मापक शून्य दाखवते.

घेताना एक गोष्ट जरूर विचारा: हे मापक फक्त प्रवाह मोजते की व्होल्टेजही? आपला पुरवठा २३० व्होल्टचा म्हणतात, पण प्रत्यक्षात तो वरखाली होतो. शिवाय पंखा, पंप, कॉम्प्रेसर अशा मोटारीच्या उपकरणांत नुसता प्रवाह मोजला तर वापर खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. दोन्ही मोजणारे मापक घेतले तर आकडा मीटरशी जुळतो. तसेच आपला पुरवठा सिंगल फेज आहे की थ्री फेज ते पाहा. थ्री फेजला तीन कड्या लागतात. आणि बहुतेक मापके २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवरच चालतात, तेव्हा राऊटरचा सिग्नल डीबी बॉक्सपर्यंत पोहोचतो का, हे आधीच तपासा.

बसवण्याचा दिवस

हे काम आम्ही स्वतः केले नाही आणि तुम्हीही करू नका. मेन स्विच बंद केला तरी त्याच्या वरच्या बाजूच्या तारा जिवंत असतात. परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलावले. वीज कंपनीचे मीटर आणि त्याचे सील यांना हात लावायचा नाही, हे त्याने प्रथमच सांगितले. मीटरशी छेडछाड हा विद्युत अधिनियम २००३ नुसार गुन्हा आहे. आपले काम मीटरच्या पुढे, आपल्या बोर्डात.

आमचा बोर्ड उघडल्यावर जुन्या घराचे सगळे गुण दिसले. दोन ठिकाणी किटकॅट फ्यूजमध्ये जाडजूड तार घातलेली, एका जोडावर काळे पडलेले इन्सुलेशन. मापक राहू द्या, आधी हे करा, असे तो म्हणाला आणि त्याचे बरोबर होते. नवा डीबी बॉक्स, एमसीबी आणि गळणारी वीज तोडणारी आरसीसीबी बसली. मापकाचा खर्च त्यामानाने किरकोळ ठरला, पण हे काम दहा वर्षांपूर्वीच व्हायला हवे होते.

आमच्याकडे थ्री फेज आहे आणि सुदैवाने एकेका मजल्याला एकेक फेज दिलेली आहे. त्यामुळे तीन कड्यांत तीन मजले वेगळे झाले. मापकाला लागणारी वीज वेगळ्या लहान एमसीबीतून घेतली. पहिल्या चाचणीत दोन मजल्यांचे आकडे उणे आले. कड्यांची अदलाबदल झाली होती. थ्री फेजमध्ये ज्या फेजची कडी, त्याच फेजचे व्होल्टेज मापकाला मिळायला हवे. तसेच कडीवरचा बाण घराच्या दिशेने हवा आणि तिचे तोंड पूर्ण मिटलेले हवे. मग प्रत्येक मजल्यावर १००० वॅटची इस्त्री लावून आकडा तेवढाच वाढतो का ते पाहिले. दुसऱ्या दिवशी चोवीस तासांची बेरीज मीटरशी ताडून पाहिली. थोडा फरक राहिला, तो चालण्यासारखा होता.

आकड्यांनी आधी आईलाच दोषी ठरवले

दोन दिवसांनी मोबाईल उघडला तर रात्रीचा सर्वांत जास्त वापर तळमजल्याचा. कूलर बंद असूनही! क्षणभर आम्हीच गोंधळलो. मापक खोटे बोलत नव्हते. घाईने आम्हीच त्याचा चुकीचा अर्थ लावणार होतो.

आलेख मोठा करून पाहिला तेव्हा रात्रभर करवतीच्या दात्यांसारखी रेघ दिसली. दर चार मिनिटांनी साधारण ४८० वॅटची उडी, एक मिनिट टिकणारी. आईला दाखवले तर ती लगेच म्हणाली, "हा पंप. कूलर बंद केल्यापासून मी रात्रभर ऐकते आहे. तुम्हाला सांगितले होते, तुम्ही ऐकलेच नाही."

नर्मदेचे पाणी आपल्याकडे एक दिवसाआड येते, म्हणून मागच्या अंगणात हौद आणि त्यावर प्रेशर पंप. त्याचे पाणी तिन्ही मजल्यांना जाते, पण त्याची वायर तळमजल्यावरून घेतलेली. नळ सोडला की पंप आपोआप सुरू होतो. रात्री दोन वाजता कोण नळ सोडते? शोधता शोधता सापडले की आमच्याच दुसऱ्या मजल्यावरच्या संडासातली फ्लशची टाकी झिरपत होती. आवाज नाही, ओल नाही, पाणी सरळ भांड्यात जात होते. दाब कमी झाला की खाली पंप सुरू.

आता हिशोब पाहा. चार मिनिटांत एक मिनिट ४८० वॅट म्हणजे सरासरी १२० वॅट, चोवीस तास. दिवसाला २.८८ युनिट, महिन्याला सुमारे ८६. आईचा कूलर १८० वॅटचा. रोज आठ तास म्हटले तरी महिन्याला सुमारे ४३ युनिट. म्हणजे आईने जेवढी वीज स्वतःला त्रास देऊन वाचवली, त्याच्या दुप्पट आमच्या फ्लशमधून वाहून जात होती. आणि पाणी गेले ते वेगळेच. सुमारे सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून वीज खर्चूनच उपसलेले पाणी ते! फ्लशचे वायसर बदलायला प्लंबरला अर्धा तास लागला.

आणखी काय दिसले

गीझर: २५ लिटर पाणी वीस अंशांवरून साठपर्यंत तापवायला सुमारे १.२ युनिट लागतात. अंघोळीआधी वीस-पंचवीस मिनिटे लावणे वेगळे आणि सकाळभर चालू ठेवणे वेगळे, कारण टाकी थंड होते आणि गीझर पुन्हापुन्हा तापवत राहतो. जुना पंखा ७०-७५ वॅट घेतो, नवा बीएलडीसी साधारण तीस. चोवीस तास चालणाऱ्या पंख्यापासून बदल सुरू करावा. मिक्सर ५०० वॅटचा असला तरी दिवसात पाच मिनिटे चालतो. वर्षानुवर्षे चटणी वाटताना "वीज जाते" म्हणून घाई करणाऱ्या वहिनींना हे कळल्यावर हसू आले. एसी मात्र खरोखरच खातो, हे आमच्या आलेखात स्वच्छ दिसले आणि आम्ही ते मान्य केले.

एक नियम आधी ठरवा

मापक बसवायचे म्हटल्यावर वहिनी म्हणाल्या होत्या, "आता आमच्यावर पहारा का?" त्यांचा प्रश्न योग्य होता. कोण किती वाजता उठले, कोण घरी नव्हते, हेही या आलेखातून कळते. म्हणून आम्ही ठरवले की अ‍ॅप तिन्ही घरांच्या मोबाईलवर राहील, आकडा वाढला तर आधी उपकरण तपासायचे, माणसाला विचारायचे नाही. आणि बिलाचे भाग आता मजल्याप्रमाणे होतात, पंपाचा खर्च तिघांत, आईच्या कूलरचा हिशोब कोणी करायचा नाही.

ज्यांच्याकडे एका मीटरवर दोन-तीन कुटुंबे आहेत, त्यांनी आज रात्री मीटरचा लाल दिवा एक मिनिट मोजावा. आणि घरातले वडीलधारे "रात्री काहीतरी वाजते" म्हणत असतील, तर आधी तिकडे जाऊन बघावे. मापक नंतर घेता येईल.