हवेचे सोवळे

सोवळे नेसलेल्याने वाटेत कोणाला शिवावयाचे नाही, हा दंडक आमच्या घरांना नवा नाही. त्यामागे आरोग्याचा विचार किती आणि रूढी किती, हा वाद येथे करावयाचा नाही. वेर्णा, कुंडईच्या औद्योगिक वसाहतींमुळे औषधांचा कारखाना गोमंतकीयांच्या परिचयाचा झाला आहे. अशा कारखान्यांत जेथे इंजेक्शने भरली जातात, तेथे एक निराळे सोवळे पाळावे लागते. ते हवेचे असते, ते मोजता येते आणि ते मोडले तर प्रायश्चित्त मोडणाऱ्याला नव्हे, रुग्णाला भोगावे लागते.

गाळलेली हवा संथ, एकाच दिशेने वाहती ठेवून धूळ बाहेर लोटावयाची, ही कल्पना १९६२ साली अमेरिकेच्या सँडिया प्रयोगशाळेतील विलिस व्हिटफील्ड यांनी साकार केली. पुढच्याच वर्षी तेथील सरकारने अशा खोल्यांची प्रतवारी ठरविली. १९९९ पासून त्यासाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे. औषधांच्या बाबतीत युरोपने अ, ब, क, ड अशा अर्थाच्या चार श्रेणी केल्या. कुपी उघडी असते ती जागा पहिल्या श्रेणीची. तेथे एक घनमीटर हवेत अर्धा मायक्रॉन वा त्याहून मोठे कण ३,५२० पेक्षा अधिक असता कामा नयेत. जंतूंची तपासणी वेगळी होते व तेथे एकही जंतू वाढलेला चालत नाही.

यातील खरी मेख पुढेच आहे. भोवतालच्या दुसऱ्या श्रेणीच्या खोलीला, ती रिकामी असताना, हीच ३,५२० ची मर्यादा लागू होते. माणसे कामाला लागली की तीच मर्यादा ३,५२,००० होते. पहिल्या श्रेणीला मात्र ही सवलत नाही. माणूस हाच धुळीचा व जंतूंचा मोठा उगम, हे या आकड्यांनीच मान्य केले आहे. पाहुणे यावयाच्या दिवशी सारवलेले अंगण ही स्वच्छतेची साक्ष नव्हे. खोली राबती असताना काय मोजले गेले, हाच प्रश्न महत्त्वाचा.

तो न विचारल्याची किंमत अमेरिकेनेच मोजली. २०१२ साली मॅसॅच्युसेट्समधील एका औषधालयाच्या बुरशीयुक्त इंजेक्शनांनी साठांहून अधिक माणसे दगावली. तेथील स्वच्छ दालनांत बुरशी व जंतू आढळल्याच्या नोंदी खुद्द त्या औषधालयाच्याच दप्तरात होत्या आणि वातानुकूलन रात्री बंद ठेवले जात असल्याचे तपासनिसांना आढळले. मोजमाप झाले होते. पण ते वाचून कोणी काम थांबविले नाही.

आपल्या देशात औषध नियमांतील सुधारित 'शेड्यूल एम' डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर झाले. सुधारणेचा आराखडा देणाऱ्या लघु व मध्यम कारखान्यांना ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत मुदतवाढ मिळाली. लहान उद्योजकाची अडचण आम्ही जाणतो. गाळण्या, यंत्रे व अखंड वीज यांचा खर्च त्याला जड आहे. त्याला सवलतीचे कर्ज द्या, तांत्रिक साह्य द्या. हवेत मात्र सवलत देऊ नका. सलाईन लावून निजलेल्या रुग्णाला कारखाना लहान की मोठा, हे ठाऊक नसते.

म्हणूनच आमचे मागणे एवढेच की, औषध निरीक्षकांनी वही पाहून परतू नये. काम चालू असताना, न सांगता दालनात जावे. आणि मर्यादा ओलांडलेली दिसताच यंत्र थांबविणाऱ्या कामगाराच्या पाठीशी व्यवस्थापनाने उभे राहावे. कारण हे सोवळे अखेर त्याच्याच हाती आहे.