मेंदूंतील शामक द्रव्य आणि बाळंतिणीचें मन



कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या आळींत एका घरीं मुलगा झाला, पेढे वांटले गेले; आणि तिसऱ्या आठवड्यांत ती नवी आई भिंतीकडे तोंड करून दिवसदिवस पडून राहूं लागली. बाळ रडलें तरी ती हलेना. कोणी म्हणे दृष्ट लागली, कोणी म्हणे हिला सुख बोचतें. मीहि मान डोलावून घरीं परतलों, याची आज लाज वाटते. अशा वेळीं मेंदूंत काय घडत असावें, याविषयीं विज्ञानाला आतां थोडेंबहुत कळूं लागलें आहे. तें आज सांगावयाचें योजिलें आहे.

स्टेरॉइड वर्गाचे हार्मोन मूत्रपिंडांवरील ग्रंथी व जननग्रंथी यांतच तयार होतात, अशी पुष्कळ काळ समजूत होती. १९४१ च्या सुमारास मॉन्ट्रियल येथें हान्स सेल्ये यांनीं उंदरांना प्रोजेस्टेरॉन मोठ्या मात्रेनें टोंचलें, तेव्हां ते गाढ निद्रेंत गेले. मेंदूवर त्याचा अंमल चढतो हें दिसलें. कसा, तें कळेना. पुढें १९८१ सालीं फ्रान्समध्यें एत्येन-एमील बोलियो व त्यांचे सहकारी यांना एक नवल आढळलें. उंदरांच्या त्या ग्रंथी काढून टाकल्या, तरीहि मेंदूंत एक स्टेरॉइड टिकून होतें! यावरून मेंदू स्वतःच अशीं द्रव्यें घडवितो, असें अनुमान निघालें. त्यांना न्यूरोस्टेरॉइड हें नांव मिळालें.

त्यांपैकीं ॲलोप्रेग्नॅनोलोन हें प्रोजेस्टेरॉनपासूनच बनतें. त्याचें कार्य समजण्यासाठीं वर्गाचा दाखला घेऊं. चाळीस मुलें एकदम बोलूं लागलीं तर कोणाचेंच ऐकूं येत नाहीं. गुरुजींना “शांत बसा” म्हणावें लागतें. मेंदूंत हें काम गाबा नांवाचें द्रव्य करतें. तें मज्जापेशीच्या दारापाशीं आलें कीं दार उघडतें, क्लोराइडचे ऋणभारित कण आंत शिरतात व पेशीचा गलबला थांबतो. ॲलोप्रेग्नॅनोलोन त्याच दाराला दुसऱ्या जागीं चिकटतें आणि तें अधिक वेळ उघडें ठेवतें. गुरुजी तेच, त्यांचा शब्द मात्र वर्गांत अधिक टिकतो.

गरोदरपणीं वारेंत प्रोजेस्टेरॉन मोठ्या प्रमाणांत तयार होतें, आणि त्याबरोबर हें द्रव्यहि चढत जातें. गर्भाच्या मेंदूलाहि त्याची गरज दिसते. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, उंदरांच्या गर्भाला वारेकडून मिळणारें हें द्रव्य तोडल्यावर पिल्लांच्या लहान मेंदूची घडण बदललेली आढळली.

प्रसूति होऊन वार पडली, कीं थोड्याच दिवसांत हा पुरवठा ओसरतो. बहुतेक मातांचें मन पंधरवड्यांत सावरतें. कांहींचें सावरत नाहीं. हें द्रव्य सर्वांचेंच उतरतें. परंतु या उतारास कांहींचा मेंदू अधिक हळवा असावा, असें पुष्कळ संशोधक मानतात. एकटेपणा, घरांतील जाच, पूर्वीचा आजार हींहि कारणें आहेतच.

या ज्ञानांतून औषधें निघालीं. मार्च २०१९ मध्यें अमेरिकेंत हेंच द्रव्य ब्रेक्सानोलोन या नांवानें बाळंतपणानंतरच्या नैराश्यावर मान्य झालें; तें साठ तास शिरेंतून द्यावें लागे. ऑगस्ट २०२३ मध्यें त्याच जातीचें झुरानोलोन मान्य झालें. तें चौदा दिवस संध्याकाळीं तोंडानें घ्यावयाचें. त्यानें गुंगी येते, म्हणून घेतल्यावर बारा तास वाहन चालवूं नये, अशी ताकीद आहे. २०२२ सालीं एका दुर्मिळ जनुकीय विकारांतील झटक्यांवर गॅनाक्सोलोन मान्य झालें.

परंतु हुरळून जाऊं नये. डोक्यास जबर मार लागलेल्या रोग्यांना प्रोजेस्टेरॉनचा उपयोग होईल, अशी मोठी आशा होती. २०१४ सालीं दोन मोठ्या चांचण्यांचे निकाल आले, आणि उपयोग होत नाहीं असें ठरलें.

औषध कोणतें द्यावें हें डॉक्टरांनीं ठरवावें. आपलें काम त्याच्या आधींचें आहे. बाळंतीण पंधरा दिवसांनंतरहि उदास राहिली, तर तिला बोल लावूं नये, डॉक्टरांकडे न्यावें. स्वतःच्या वा बाळाच्या जिवाचें बरेंवाईट करण्याचा शब्द तिच्या तोंडून निघाला, तर एक घटकाहि दवडूं नये. आमच्या आळींतील ती माउली अखेर बरी झाली. पण तिला सहा महिने जें ऐकून घ्यावें लागलें, तें तिच्या दुखण्याहून जड होतें. तें टाळणें तर आपल्या हातीं होतें.