फायबरचे काम : खाजेपेक्षा वासाला भ्या

वालीव, सातिवली, गोखिवऱ्याच्या गाळ्यांत आपल्या वस्तीतली मुले फायबरचे काम करतात. कुणी पत्रे बनवतो, कुणी टाक्या, कुणी मूर्ती. आमच्याकडे तपासणीला आली की सगळे खाजेचेच सांगतात. मॅटमधले काचेचे बारीक तंतू कातडीत रुततात, म्हणून ती खाज. चोळू नका. वाहत्या पाण्याने अंग धुवा, मग साबण लावा. कामाचे कपडे लेकरांच्या कपड्यांत धुवायला टाकू नका.

पण खरा धोका वासात आहे. रेझिनमधून स्टायरिनची वाफ निघते. त्याने डोके दुखते, चक्कर येते, डोळे चुरचुरतात. वर्षानुवर्षे वाफ घेतली तर नसांवर आणि कानांवरही परिणाम होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ साली स्टायरिनमुळे माणसाला कर्करोग होण्याची दाट शक्यता असल्याचे जाहीर केले. ‘वासाची सवय झाली’ असे मुले म्हणतात. सवय नाकाला होते, शरीराला नाही.

तोंडाला रुमाल बांधून वाफ अडत नाही. कापडी किंवा धुळीचा मास्कही तिथे चालत नाही. कोळशाचे फिल्टर असलेला, वाफेसाठीचा मास्क लागतो. मास्क घालूनही वास येऊ लागला तर फिल्टर बदला. ही वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साचते. म्हणून शटर पूर्ण उघडे ठेवा, पंख्याने हवा बाहेर काढा. घासकाम करताना धुळीचा मास्क आणि चष्मा हवाच.

सर्वांत जपायचे ते हार्डनरला. आमच्याकडे एका मुलाला आणले, तेव्हा डोळ्यात थेंब उडून अर्धा तास झाला होता. डोळ्याला ओला रुमाल लावून रिक्षा शोधण्यात वेळ गेला होता. असे करू नका. डोळा उघडा धरून निदान १५ मिनिटे वाहत्या पाण्याने धुवा, मगच दवाखाना गाठा. उशिराने नजर कायमची जाऊ शकते. हार्डनर आणि कोबाल्ट थेट एकत्र करू नका, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये नीट ढवळा, हार्डनर नंतर. गाळ्यात बिडी पेटवू नका.

मास्क, चष्मा आणि पाण्याचा नळ शेठकडे एकट्याने नाही, सगळ्यांनी मिळून मागा. दहा किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात, महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल तर ईएसआय लागू होते. ते कार्डही मागा. ती मेहेरबानी नाही, हक्क आहे.