न विकत घेण्याचा हक्क

सरकारशी झगडणे म्हणजे काय, हे नंदगडच्या वाचकांस वेगळे सांगण्याची गरज नाही. संगोळ्ळी रायण्णाला इंग्रजांनी २६ जानेवारी १८३१ रोजी याच गावी फाशी दिले, आणि त्याच्या समाधीची जागा येथल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. रायण्णाने कचेऱ्या जाळल्या, खजिने लुटले आणि त्याची किंमत आपल्या प्राणाने चुकविली. परंतु सरकारला विरोध करण्याचा आणखी एक मार्ग आहे. त्यात कचेरी जळत नाही, कायदा मोडत नाही. तो मार्ग बाजाराच्या दिवशी, कापडाच्या दुकानात, घरातील बाईच्या हातून चालतो. त्याचा एक मोठा प्रयोग आपल्यापासून सुमारे ३५ किलोमीटरांवर, बेळगावी झाला. त्याची शताब्दी डिसेंबर २०२४ मध्ये होऊन गेली. समारंभ झाले, भाषणे झाली. पण त्या अधिवेशनात नेमके काय ठरले होते, याची चौकशी फार थोड्यांनी केली असेल.

ती करण्यापूर्वी एका शंकेचा विचार करू. कराचे नाणे पुढे करून प्रभू येशूला पेचात धरू पाहणारी माणसे शुभवर्तमानात भेटतात, आणि नाण्यावरील मुखवटा कोणाचा हे विचारून प्रभूने दिलेले उत्तर आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. सरकारचा कर चुकवू नये, असा त्याचा सरळ अर्थ आपण घेतो, आणि तो योग्यच आहे. पण ज्या मालावर कर बसतो तो माल घेतलाच पाहिजे, असे त्या उत्तरात कोठे आहे? सारा देण्याचे नाकारणारा शेतकरी कायदा मोडतो. त्याची जमीन जप्त होते, गुरे नेली जातात. १९२८ साली बारडोलीच्या शेतकऱ्यांनी ते सोसले. मात्र कापड न घेणाऱ्याला कोणत्या कलमाखाली पकडावयाचे?

२६ व २७ डिसेंबर १९२४ रोजी बेळगावच्या टिळकवाडी भागात काँग्रेसचे अधिवेशन भरले. गांधीजी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले, ते येथे. सर्व व्यवस्थेचा भार गंगाधरराव देशपांडे यांनी वाहिला. तो काळ निराशेचा होता. चौरीचौऱ्याच्या घटनेनंतर १९२२ मध्ये सत्याग्रह थांबविण्यात आला होता, गांधीजी तुरुंगवास भोगून आले होते आणि काँग्रेसमध्ये दोन तट पडले होते. म्हणून अधिवेशनाने असहकारिता तहकूब केली. वकिलांनी कोर्टात जावे, मुलांनी सरकारी शाळांत जावे, त्यास हरकत उरली नाही. एकच गोष्ट मात्र कायम राहिली, ती म्हणजे परदेशी कापड न वापरणे. एवढ्या मोठ्या चळवळीतून शिल्लक राहिले ते एक साधे, पूर्णपणे कायदेशीर, घरगुती व्रत.

कापडच का? याचे उत्तर जकातीच्या हिशेबात सापडते. त्या वर्षी परदेशातून आलेल्या सुती कापडावर शेकडा ११ टक्के जकात होती. म्हणजे शंभर रुपयांच्या मालामागे अकरा रुपये सरकारी तिजोरीत जात, आणि बाकीच्यांतील मोठा वाटा लँकेशायरच्या गिरण्यांकडे. देशी गिरणीचे कापड घेतले तरी सुटका नव्हती. कारण लँकेशायरच्या दडपणामुळे १८९६ पासून देशी गिरण्यांच्या कापडावरही साडेतीन टक्के कर बसविलेला होता. तो डिसेंबर १९२५ मध्ये स्थगित झाला आणि पुढील वर्षी रद्द झाला. तिसरे कापड हाताने कातलेल्या सुताचे व हातमागावर विणलेले. त्यावर काहीच कर नव्हता. तेव्हा दुकानात उभ्या राहिलेल्या मनुष्याने तीन गठ्ठ्यांपैकी कोणत्या गठ्ठ्यावर हात ठेवावा, यावर सरकारला अकरा रुपये मिळतात, साडेतीन मिळतात की काहीच मिळत नाही, हे ठरत होते.

ही कल्पना बेळगावात प्रथम निघाली असे नव्हे. पुण्याचे गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक सार्वजनिक काका म्हणत, त्यांनी १८७२ सालीच स्वदेशी कापडाचे व्रत घेतले होते. १८७७ च्या दिल्ली दरबारात, राजेमहाराजांच्या झगमगाटात, ते हातसुताचे कपडे घालून गेले होते. पण ते एका मनुष्याचे धैर्य होते. बेळगावने तेच साऱ्यांकडून मागितले, आणि मागितले तेही पैशाच्या नव्हे, श्रमाच्या रूपाने. काँग्रेसच्या सभासदत्वासाठी चार आण्यांऐवजी दरमहा स्वतः कातलेले दोन हजार वार सूत द्यावे, असे ठरले. आजारपणामुळे अथवा इच्छा नसल्यास दुसऱ्याकडून कातून आणलेले तेवढेच सूत चालेल, अशी सवलत ठेविली होती.

या सवलतीपाशी मला थोडे थांबावेसे वाटते. ‘दुसऱ्याकडून’ म्हणजे कोणाकडून? ज्या घरी पुरुषाला सभासद व्हावयाचे होते, पण चरख्याशी बसण्याचा कंटाळा होता, त्या घरी ते सूत पत्नीने किंवा आईने कातले असेल, हे ओळखण्यास फार बुद्धी लागत नाही. चूल, पाणी, जनावरे, शेत आणि वर हे दोन हजार वार! शिवाय खादी महाग आणि जाड. गिरणीचे पातळ लुगडे स्वस्तात मिळत असता जाडेभरडे महाग लुगडे नेसावयाचे, तेही ओले झाल्यावर अंगावर ओझे होणारे. सरकारविरुद्धच्या या निषेधाचे बिल सरकारआधी आपल्याच माजघरात येत होते. ही अट फार दिवस टिकली नाही. सप्टेंबर १९२५ मध्ये पाटण्यास चार आणे किंवा सूत, असा पर्याय देण्यात आला, आणि खादीच्या कामासाठी अखिल भारतीय चरखा संघ वेगळा स्थापन झाला. गंगाधररावांनी मात्र खादी सोडली नाही. त्यांच्या हुदली गावी खादीचे केंद्र उभे राहिले, आणि १९३७ मध्ये गांधीजी तेथे येऊन राहिले.

कापडाचे असे झाले. पण प्रत्येक वस्तू सोडता येत नाही. नंदगडची पेठ एके काळी गोव्याच्या व्यापारावर उभी होती. घाटाखालून नारळ, सुपारी, मीठ येई आणि घाटावरचे धान्य खाली जाई. त्यामुळे मिठाचे मोल आपल्या पूर्वजांस चांगले ठाऊक होते. १९२३ मध्ये व्हाइसरॉयने कायदेमंडळाचा विरोध डावलून मिठावरील कर मणी सव्वा रुपयावरून अडीच रुपये केला. (पुढील वर्षी तो पूर्ववत झाला.) आता मिठावर बहिष्कार कसा घालावयाचा? आंबील अळणी कोण पिणार? गरिबाला परदेशी धोतर सोडता येते, मीठ सोडता येत नाही. म्हणूनच १९३० मध्ये मिठासाठी कायदा मोडावा लागला, आणि हजारो लोक तुरुंगात गेले. न घेण्याचा हक्क जेथे संपतो तेथे कायदेशीर मार्गही संपतो, असे मला वाटते.

दारूची गोष्ट याच्या उलट आहे. अबकारीचे उत्पन्न हा त्या वेळी मुंबई सरकारच्या तिजोरीचा मोठा आधार होता. १९०८ मध्ये टिळकांच्या पाठिंब्याने पुण्यात दारूच्या दुकानांसमोर स्वयंसेवक उभे राहिले, तेव्हा त्यांच्यावर खटले झाले. पण जो मनुष्य घरीच बसून प्याला नाही, त्याच्यावर कोणताही खटला होऊ शकला नाही. हा बहिष्कार सर्वांत स्वस्त, कारण त्यात पैसे खर्च होण्याऐवजी वाचतात. तरीही सरकारवर रागावून बाटली सोडलेला मनुष्य माझ्या तरी पाहण्यात नाही. रागावून ती उघडणारे पुष्कळ आहेत.

‘बहिष्कार’ या अर्थी इंग्रजीत जो ‘बॉयकॉट’ शब्द रूढ झाला, त्याच्याशी एका कॅथलिक धर्मगुरूचे नाव निगडित आहे. १८८० मध्ये आयर्लंडच्या मेयो परगण्यात कॅप्टन बॉयकॉट नावाचा जमीनदाराचा कारभारी होता. खंडाच्या वादात गावकऱ्यांनी त्याला हातही लावला नाही. फक्त त्याचे काम करणे व त्याच्याशी देवघेव करणे थांबविले. या प्रकाराला खेडुतांच्या तोंडी बसेल असा सोपा शब्द हवा, म्हणून फादर जॉन ओमॅली यांनी त्या कारभाऱ्याचेच नाव सुचविले, असे सांगतात. शेवटी पन्नास मजूर बाहेरून आणून, सुमारे हजार शिपायांच्या पहाऱ्यात पीक काढावे लागले. पीक काही शे पौंडांचे आणि खर्च सुमारे दहा हजार पौंडांचा!

आपल्याकडे ५ मार्च १९३१ च्या गांधी–आयर्विन करारात सरकारने मान्य केले की देशी मालाच्या प्रसारासाठी शांततेने निरोधन करण्यास हरकत नाही. मात्र इंग्रजी मालावरील बहिष्कार राजकीय शस्त्र म्हणून वापरू नये, अशी अट घातली. जे शस्त्र बोथट असते ते खाली ठेवण्याची अट कोणी घालत नाही. परदेशी सुती कापडाची आयात १९२९–३० मध्ये सुमारे १९० कोटी वार होती, ती पुढच्याच वर्षी ९० कोटींच्या खाली आली. यातील काही वाटा जगभर आलेल्या मंदीचा आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

पण तो माल विणणारेही कोणाचे तरी आईबाप होते. ३१ जुलै १९२१ रोजी मुंबईत परळ येथे परदेशी कापडाची मोठी होळी झाली, तेव्हा गांधीजींचे जिवलग मित्र आणि एके काळचे अँग्लिकन पाद्री चार्ल्स अँड्रूज यांना फार दुःख झाले. इतर स्त्रीपुरुषांच्या हातचे काम जाळणे ही त्यांना हिंसाच वाटली; आता खादी अंगावर घालण्याचीही आपल्याला धास्ती वाटते, असे त्यांनी गांधीजींना कळविले. गांधीजींनी ते पत्र लपविले नाही. छापून त्यास उत्तर दिले. माणसांविषयीचा द्वेष आपण वस्तूंकडे वळवीत आहोत, असे त्यांचे म्हणणे होते. मला येथे अँड्रूज अधिक पटतात. न घेणे वेगळे, आणि घेतलेले जाळणे वेगळे. ज्याच्या अंगावर धडका सदरा नाही त्याच्यादेखत तर खासच वेगळे.

दहा वर्षांनी, सप्टेंबर १९३१ मध्ये, गोलमेज परिषदेसाठी विलायतेस गेलेले गांधीजी मुद्दाम लँकेशायरमधील डार्वेन गावी गेले. तेथील गिरण्या बंद पडल्या होत्या, कामगार बेकार बसले होते आणि त्यातील काही बेकारी आपल्या बहिष्कारामुळे आली आहे हे त्यांना माहीत होते. त्यांनी क्षमा मागितली नाही, की सबबही सांगितली नाही. तुमचे तीस लाख बेकार आहेत, आमचे तीस कोटी लोक वर्षातून अर्धा काळ बेकार असतात, असे त्यांनी समोर बसून सांगितले. त्या भेटीचे एक छायाचित्र उपलब्ध आहे. गिरणीतील बाया त्यांच्याभोवती दाटीने उभ्या आहेत, कोणी हात उंचावून जयजयकार करीत आहे, आणि मधोमध पांढऱ्या खादीत गुंडाळलेले गांधीजी, डोळे मिटल्यासारखे करून, हसत उभे आहेत.